उद्या पुन्हा भेटायचंय!

शेवटचं सेमिस्टर लागलं की हॉस्टेलवर एक गंमत दिसते. मेसचे पैसे वेळेवर देणारा रूम पार्टनर अचानक ‘देतो ना भाऊ’ म्हणू लागतो. ग्रुप प्रोजेक्टमधला एक जण फोनच उचलत नाही. पोरं तीच, मग बदललं काय? पुढची भेट संपत आली!

रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकी अभ्यासकाने १९८०च्या सुमारास कॉम्प्युटर प्रोग्रॅम्सची स्पर्धा घेतली. प्रत्येक डावात ठरवायचं, साथ द्यायची की दगा? एकच डाव असेल तर दगा फायद्याचा. पण तोच भिडू पुन्हा पुन्हा समोर येणार असेल तर? जिंकला अगदी साधा प्रोग्रॅम: आधी साथ द्या, मग समोरचा करेल तसं करा.

आपल्या धुळे जिल्ह्यात हे शहाणपण शेकडो वर्षं जुनं आहे. पांझरेवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत चालायची. शिवाराचे तीन-चार फड, एका फडात एकच पीक. पाणी फिरवायचं काम पाटकऱ्याचं, पाट साफ करायचा सगळ्यांनी मिळून. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी. पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे झळ सगळ्यांनाच. दरवर्षी त्याच पाटावर, त्याच लोकांशी गाठ!

उद्याची काळजी भांडणही लावते बरं का. वीतभर बांधासाठी भाऊ-भाऊ कोर्टात जातात, कारण ती वीत नातवंडांपर्यंत जाणार असते. फडात उद्याच्या जोडीला सर्वांना मान्य असलेला नियमही होता.

पुढे विहिरी आणि मोटारी आल्या. शेजाऱ्याची गरज उरली नाही असं वाटलं आणि फडांची घडी विस्कटत गेली. इकडे जळगावच्या यावल-रावेर केळीपट्ट्यात बोअर खोल-खोल चाललेत. मोटार ज्याची त्याची, पण जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं. ‘मी थांबलो तर तो उपसेल’ म्हणून कुणीच थांबत नाही. त्यात आपण पोरं म्हणतो, ‘आपल्याला कुठे गावात राहायचंय? पुण्यालाच जायचंय.’ मग गावच्या पाण्याचा हिशोब ठेवणार कोण?

या सुट्टीत घरी गेलात की आजोबांना पाटाच्या पाण्याबद्दल विचारा. आणि हो, निघण्याआधी मेसचे पैसे चुकते करा. पुण्यात रूम शोधताना पहिला फोन त्याच पार्टनरला करावा लागणार आहे!