झिजणारा रक्षक : मोटारीच्या ब्रेकपॅडची तपासणी

मोटार कशी धावते हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती कशी थांबते याचा विचार मात्र थोडेच करतात. इंजिन बिघडले तर गाडी जागच्या जागी उभी राहते व फार तर आपला खोळंबा होतो. परंतु ब्रेक निकामी झाला, तर ओढवणारा अनर्थ गाडीतील माणसांपुरताही राहत नाही. रस्त्याच्या कडेने शाळेला निघालेल्या मुलांनाही तो गाठू शकतो. गोव्याहून बेळगावास चोर्ल्याच्या घाटाने जाणाऱ्या कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको. या ब्रेकचा जो भाग सतत झिजत असतो, तो कसा पाहावा, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ब्रेकची रचना पाहू. आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते आणि तिच्या दोन्ही अंगांस एकेक पॅड असतो. हे पॅड ज्या चिमट्यासारख्या भागात बसविलेले असतात, त्यास कॅलिपर म्हणतात. चालकाने पेडल दाबले की नळीतील ब्रेक ऑइलमधून तो दाब दट्ट्यापर्यंत पोचतो आणि पॅड तबकडीवर आवळले जातात. पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेला पास्कलचा नियम येथे कामाला येतो. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली अशा ब्रेकचे पेटंट घेतले होते. पुढे १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली, तेव्हा त्याचे महत्त्व सर्वांस पटले.

आता पॅड झिजतो का? धावत्या गाडीच्या अंगी जी ऊर्जा असते, ती नाहीशी होत नाही. घर्षणाने तिची उष्णता होते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. घाटात तर उंचीची ऊर्जाही तिच्यात मिळते. ३०० मीटरांची उतरण केवळ ब्रेकच्या बळावर उतरली, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे २० वेळा पूर्णपणे थांबविण्याइतकी उष्णता निर्माण होते. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. ब्रेक अतिशय तापले की त्यांची पकड मंदावते. म्हणूनच जाणते चालक घाट उतरताना खालचा गिअर घालून इंजिनाकडूनही गाडी रोखून धरतात. गाडीला थांबविताना पॅड दरवेळी आपल्या अंगाचा अंश देत असतो. झिजणे हा त्याचा दोष नव्हे, तो त्याचा धर्मच आहे. आपले काम एवढेच, की तो किती उरला आहे हे वेळेवर पाहणे.

तपासणी वडील माणसांनी करावी. मुलांनी शेजारी राहून पाहावी. गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक लावावा, आणि ब्रेक थंड होऊ द्यावेत. कित्येक गाड्यांच्या चाकाच्या आऱ्यांमधून विजेरीचा प्रकाश टाकला की तबकडी, कॅलिपर व बाहेरचा पॅड दिसतो. न दिसल्यास चाक काढावे लागते. त्या वेळी इतर चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, नट आधी जमिनीवरच सैल करावेत, आणि केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये.

पॅडचे दोन थर असतात : मागे लोखंडी पत्रा व पुढे घर्षणाचा मसाला. मोजावयाचा तो मसालाच; पत्र्याची जाडी त्यात धरली तर फसगत होते. नव्या पॅडचा मसाला साधारणतः १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरांवर आला की पॅड बदलण्याची तयारी करावी; २ मिलिमीटरांहून कमी उरला असता घाटाच्या वाटेस जाऊच नये. बाहेरचा पॅड जाड दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. कॅलिपर अडकत असेल तर आतला पॅड लवकर झिजतो. यास्तव दोन्ही पाहावेत. पॅड बदलताना एकाच आसावरील दोन्ही चाकांचे बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूस ओढली जाते. मागील चाकांना पुष्कळदा ड्रमचे ब्रेक असतात. ते बाहेरून दिसत नाहीत, म्हणून ते मेकॅनिककडून उघडून पाहावेत. एक सावधगिरी आणखी : ब्रेकवरची धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस वापरीत असत, आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते.

पॅड स्वतःही सूचना देत असतो. पुष्कळ पॅडना पत्र्याची एक लहान पट्टी जोडलेली असते; मसाला संपत आला की ती तबकडीस घासून बारीक, कर्णकटु आवाज करते. पावसाळ्यात सकाळी तबकडीवर धरलेल्या गंजामुळे क्षणभर आवाज येतो, तो निराळा. दोन-चार वेळा ब्रेक लावताच तो जातो. मात्र खरखरीत, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, तर मसाला संपून पत्राच तबकडी खात आहे असे समजावे आणि गाडी तेथेच थांबवावी. पॅड झिजला की दट्ट्या पुढे सरकतो व त्यामागची जागा भरण्यास ऑइल लागते. म्हणून बॉनेटखालील डबीतील ऑइलची पातळी हळूहळू उतरते. अशा वेळी नुसते ऑइल ओतणे म्हणजे निरोप न वाचताच पाकीट फाडून टाकणे होय. पातळी एकाएकी उतरली, तर कोठेतरी गळती आहे. मग गाडी हलवूच नये.

प्रवासाच्या आदल्या दिवशी आपण शिदोरी बांधतो, पाण्याच्या बाटल्या भरतो, देवापुढे नारळ ठेवतो. त्याच वेळी दहा मिनिटे चाकांपाशी वाकून पाहण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी. जो रक्षक स्वतः झिजून आपणांस राखतो, त्याची एवढी विचारपूस करणे हे आपले कर्तव्यच आहे.