एका दिवसाची समुद्रसहल : आधी पंचांग बघा, मग गाडी ठरवा



आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणकडे सुट्टी म्हणजे मोजूनमापून मिळणारी गोष्ट. कुणाच्या बाबांना रविवारी सुट्टी, तर कुणाच्या कारखान्यात गुरुवारी. त्यात पाळी बदलली की सगळं गणित कोलमडतं. अशा वेळी घरात ठरतं, "चला, एक दिवस अलिबागला जाऊन येऊ, कुलाबा किल्ला बघू." डबे भरले जातात, गाडी ठरते. पण एक गोष्ट बघायची राहून जाते. ती म्हणजे त्या दिवशी समुद्राची वेळ काय आहे!

मी स्वतः ही चूक केलेली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांना घेऊन पोहोचलो दुपारी बारा वाजता. दिवस होता अमावास्येचा. समोर किल्ला दिसतोय, पण मध्ये सगळं पाणीच पाणी. मुलं किनाऱ्यावरूनच किल्ल्याला हात करून परत आली. चूक मुलांची नव्हती, समुद्राचीही नव्हती. चूक माझ्या नियोजनाची होती. म्हणून आज हा पाठ.

बेट, पण कोणत्या प्रकारचं?

जगात काही किनाऱ्यांना समांतर अशी वाळूची लांबट बेटं असतात. लाटा आणि प्रवाह वाळू आणून टाकतात, त्यातून ती तयार होतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अशी पुष्कळ बेटं आहेत. आपल्याकडे आंध्र प्रदेशातलं श्रीहरिकोटा हे तसंच. त्याच्या मागे पुलिकत सरोवर आहे. कोकणचा किनारा मात्र खडकाळ. कुलाबा किल्ला उभा आहे तो समुद्रातल्या खडकावर. भरतीला तो बेट असतो आणि मोठ्या ओहोटीला चालत जाण्याजोगा होतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६८० मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं बनला. आत गणपतीचं मंदिर आहे आणि चहूकडे खारं पाणी असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे.

तिथीवरून भरतीची वेळ

सातवीच्या भूगोलात आपण भरती-ओहोटी शिकतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. म्हणजे आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, कारण चंद्रही रोज साधारण तेवढाच उशिरा उगवतो. यावरूनच कोकणात एक सोपा हिशोब चालत आलेला आहे : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. (कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असंच मोजायचं.)

करून बघू या :

- चतुर्थी : ४ × ३ ÷ ४ = ३. भरती तीनच्या सुमारास, ओहोटी नऊच्या सुमारास.
- पंचमी : पावणेचारला भरती, पावणेदहाला ओहोटी.
- अष्टमी : सहाला भरती, बाराला ओहोटी.
- पौर्णिमा किंवा अमावास्या : सव्वाअकराला भरती, सव्वापाचला ओहोटी.

हा अंदाज आहे, त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. सहलीचा दिवस निवडायला तो पुरतो. निघण्याआधी मात्र भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक बघायचंच.

इथेच खरी गंमत आहे

तुम्ही म्हणाल, "सर, मग अष्टमीला जाऊ. बाराला ओहोटी, आरामात निघू." थांबा! अष्टमीला असते भांगाची ओहोटी. त्या दिवसांत सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढत असतात, त्यामुळे पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. वाट पूर्ण उघडी पडेलच असं नाही. उलट अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप उतरतं. पण ते पहाटे आणि संध्याकाळी. भर दुपारी तर भरती!

म्हणजे सोयीची वेळ आणि पुरेशी ओहोटी एकाच दिवशी मिळत नाहीत. मधला दिवस शोधावा लागतो. उधाणाचा जोर त्यानंतर तीन-चार दिवस बऱ्यापैकी टिकतो, म्हणून चतुर्थी-पंचमीची सकाळ सगळ्यांत चांगली. पहाटे उठणं जमत नसेल तर त्रयोदशी बघा, तेव्हा ओहोटी दुपारी चारच्या आसपास येते. आता कॅलेंडर उघडा आणि यांतली कोणती तिथी तुमच्या सुट्टीच्या वारी येते ते शोधा. या महिन्यात नसेल तर पुढच्या महिन्यात जा. पावसाळ्यात मात्र जाऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

उलटा हिशोब

समजा पंचमी आहे, ओहोटी दहाला. नऊला चालायला लागायचं. निगडीहून अलिबाग सुमारे सव्वाशे किलोमीटर : द्रुतगती मार्गाने खोपोली, मग पेण, वडखळ, पोयनाड. साडेतीन तास धरा आणि नाश्त्याला अर्धा तास. म्हणजे पाचला निघायचं. चाकणकरांनी तळेगाव रस्त्यावरच्या कंटेनरांसाठी आणखी अर्धा तास ठेवावा. दुचाकीला द्रुतगती मार्गावर बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

परत कधी फिरायचं?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांचे बारा भाग धरले तर दर तासाला चढ होतो १, २, ३, ३, २, १ भाग. समजा एकूण चढ ३ मीटर आहे. पहिल्या तासात २५ सेंटिमीटर, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ७५! म्हणजे दोन तासांत लहान मुलाच्या कमरेपर्यंत पाणी येतं, आणि खरा वेग त्यानंतरच वाढतो. म्हणून नियम असा : ओहोटीनंतर एक तासाच्या आत किनाऱ्यावर परत. आपल्या उदाहरणात अकरा वाजता. फोटो राहिले तर राहू द्या. घोडागाडी मिळते म्हणून उशीर करू नका.

२०१६ च्या १ फेब्रुवारीला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. सहल काढणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आणि पालकाला ती तारीख पाठ असायला हवी. पोहायचा मोह टाळा, मुलांची मोजणी जाताना आणि येताना करा, आणि तिथले कोळी बांधव किंवा जीवरक्षक "नको" म्हणाले तर वाद घालू नका. समुद्र त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

उपक्रम : घरातल्या कॅलेंडरवरून पुढच्या दोन महिन्यांतल्या चतुर्थी, पंचमी आणि त्रयोदशी लिहा. प्रत्येकीची भरती-ओहोटीची वेळ काढा. त्यांतला बाबांच्या किंवा आईच्या सुट्टीचा दिवस कोणता, त्यावर गोल करा आणि कागद त्यांच्या हातात द्या. म्हणावं, "सुट्टी याच दिवशी टाका. समुद्राशी बोलून ठेवलंय!"