म्हाताऱ्या कुत्र्याचं लिव्हर टॉनिक

ठाण्यात घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत टॉवर उभे राहत होते तेव्हा पिल्लू म्हणून घरात आलेले लॅब्रेडॉर आता म्हातारे झालेत. रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) वाढलेला दिसतो आणि सोसायटीच्या बागेत सल्ला मिळतो, 'लिव्हरचं सिरप सुरू करा, आयुर्वेदिक आहे, अपाय नाही.'

पण एसजीपीटी वाढला म्हणजे यकृतच बिघडलं, असं नाही. गोचीड ताप, हृदयाचा आजार, स्टेरॉइड, फिटसाठीचं फेनोबार्बिटोन, यातल्या कशानेही तो वाढतो. यकृत खरंच थकलं की अल्ब्युमिन आणि साखर उतरते, बिलिरुबिन चढतं. ते आकडे त्याच कागदावर असतात, फक्त घाबरलेल्या माणसाची नजर तिथवर जात नाही.

ही लिव्हरची औषधं थोतांड आहेत असंही नाही. 1984 साली बीगल कुत्र्यांवर प्रयोग झाला. विषारी अळिंबी खाऊ घातलेल्या कुत्र्यांना सिलीमारिनमधला सिलिबिन हा मुख्य घटक दिल्यावर त्यांचं यकृत बरंचसं वाचलं. कॅन्सरवरच्या लोमस्टिनने यकृताला होणारा त्रास सिलिबिन आणि 'सॅम-ई' हे यकृतासाठीचं पूरक एकत्र दिल्यावर कमी झाल्याचं 2011 च्या एका चाचणीत दिसलं. मात्र दोन्हीकडे यकृतावर घाव कशाचा, हे ठाऊक होतं. आपल्याकडे बहुतेकदा तेच शोधायचं राहून जातं, आणि बाटलीतलं सिरप मात्र रोज दोनदा पोटात जातं.

त्या बाटलीत आणखी काय आहे? माणसांच्या शुगर-फ्री सिरपमध्ये झायलिटॉल असेल, तर कुत्र्याची साखर झपाट्याने उतरते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. मल्टिव्हिटॅमिनमधलं तांबं लॅब्रेडॉर आणि डॉबरमनला बाधू शकतं, कारण या जातींत ते यकृतात साठून राहण्याची खोड आढळते. पित्ताची नळी तुंबली असेल तर लिव्हरसाठी दिलं जाणारं उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड घातक ठरतं. म्हणून आधी सोनोग्राफी.

'सॅम-ई'ची गोळी रिकाम्या पोटी, न मोडता द्यायची असते. आपण ती कुटून चीजमध्ये लपवतो. औषध अंगी लागत नाही, ते वेगळंच. आधीच मळमळणारा कुत्रा एकदा त्या कडवट घासाला फसला की चीजकडे आणि मग भाताकडेही तोंड फिरवतो. अशा आजारात पोटात अन्न जाणं हे कुठल्याही टॉनिकपेक्षा मोलाचं. काय चालू ठेवायचं आणि काय थांबवायचं हे ठरवायला डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, बागेतल्या सल्ल्याचीही.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे एसजीपीटी पाहून स्टेरॉइड किंवा फिटची गोळी परस्पर बंद करणं. फेनोबार्बिटोन एकदम थांबवलं तर फिट्स एकामागून एक येऊ शकतात. हे संध्याकाळी सातला घडलं, तर घोडबंदर रोडच्या कोंडीतून गाडी बाहेर काढून परळचं जनावरांचं 'बैलघोडा' हॉस्पिटल गाठायचं असतं.