श्रद्धा बापाची, जीव लेकराचा

आम्ही सिंदी मेघेची माणसे. वर्धा शहर खेटून, सेवाग्राम जवळ. त्यामुळे बापूंचा दाखला आमच्याकडे उठल्याबसल्या निघतो. मणिलालच्या दुखण्याची गोष्ट त्यांतलीच. पण ती बहुतेक वेळा अर्धी सांगितली जाते.

साल 1902. गांधीजी वकिलीसाठी मुंबईत गिरगावात राहात होते. दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला, त्यात न्यूमोनिया, आणि रात्री वात होऊ लागला. पारशी डॉक्टर म्हणाले, औषधाचा फारसा उपयोग नाही. अंडी आणि कोंबडीचे सूप द्या. गांधीजी कट्टर शाकाहारी. त्यांनी नकार दिला आणि जलोपचार सुरू केले. ताप 104 वर गेला. मुलाला ओल्या चादरीत गुंडाळून, कस्तुरबांवर सोपवून, ते रात्री चौपाटीवर फिरायला गेले. मनात रामनाम आणि धाकधूक. परत आले तो घाम फुटून ताप उतरू लागला होता. पुढे चाळीस दिवस दूध-पाणी आणि फळांचा रस. मुलगा वाचला.

इथे सांगणारा थांबतो. आत्मकथा पुढे बोलते. आपली लहर मुलांवर लादण्याचा आईबापांना काय अधिकार, हा प्रश्न गांधीजींनी त्या रात्री स्वतःला विचारला होता. मणिलालनेही अंडी नकोत म्हटले होते. पण आपण दिली असती तर त्याने ती खाल्लीही असती, हे बापाने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. दहा वर्षांच्या मुलाची संमती ती केवढी! आणि गुण ईश्वरकृपेने आला, पाण्याने आला की शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असेही ते म्हणतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. 1902 साली विषमज्वरावर औषधच नव्हते. शंभरांत दहा-वीस रोगी दगावत. उरलेले शुश्रूषेवर उठत. अंडी काही रामबाण नव्हती. म्हणजे गांधीजींनी नाकारला तो पथ्याचा सल्ला. सिद्ध झालेला उपाय नव्हे. क्लोरॅम्फेनिकॉल हे गुणकारी औषध आले ते 1948 साली.

देवीच्या रोगाचे तसे नव्हते. त्यावरची लस जेन्नरने 1796 मध्येच दाखवून दिली होती. हिंदुस्थानात ती प्रथम टोचली गेली आपल्या मुंबईतच, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. गांधीजींचा मात्र देवी काढण्याला विरोध होता, आणि आश्रमाची रीत त्यांच्या मताने चाले. 1930 साली, दांडीयात्रेच्या सुमारास, साबरमती आश्रमात देवी आल्या आणि तीन मुले गेली. गांधीजींना त्याचे फार दुःख झाले. मत मात्र बदलले नाही. मणिलालची गोष्ट आपल्याला पाठ आहे. या तीन मुलांची कोणाला ठाऊक आहे? जो वाचतो त्याची कथा होते. जो जातो त्याचे नावही राहात नाही.

आमच्या आळीतल्या एका गृहस्थांच्या मुलाचा ताप आठवडाभर उतरेना, तरी ते दवाखान्याचे नाव काढू देईनात. "बापूंनी पाण्यानेच बरे केले ना, सर?" मी त्यांना वरची सारी हकीकत सांगितली. ते गप्प राहिले. पण आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पाण्याच्या पट्ट्या मी ठेवतेच आहे, भाऊजी. पण गाडी बोलवा." रक्त तपासले, विषमज्वर निघाला, औषध सुरू झाले, पोरगा पंधरा दिवसांत शाळेत गेला.

स्वतःवर वेळ आली तेव्हा गांधीजींनी शस्त्रक्रिया नाकारली नव्हती. जानेवारी 1924 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे आंत्रपुच्छ काढले. आणि ज्या सेगावात ते 1936 साली राहायला आले, त्याच सेवाग्रामात 1969 पासून त्यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. डॉ. सुशीला नायर या त्यांच्याच शिष्येने ते उभारले. बापूंचे नाव घेऊन दवाखाना टाळणाऱ्याला वर्ध्यात तरी सबब उरत नाही.

देवीचा रोग लशीने जगातून गेला; 1980 साली तसे जाहीर झाले. विषमज्वराला औषध आहे, लसही आहे. नवी मुंबई महापालिकेने 2018 साली मुलांना ती टोचायला सुरुवात केली. श्रद्धा असावी, नवसही बोलावा. उपास करायचा तर आईबापांनी करावा. लेकराच्या वाट्याचे औषध मात्र त्याला वेळेवर द्यावे.