शंभरात दोन

चाचांनी हौदातलं ओंजळभर पाणी नाकाशी नेलं, क्षणभर थांबले आणि ते परत हौदात सोडलं. मग शेजारच्या पोराला म्हणाले, "पाणी काढ रे." बोळा निघाला, हौद उतरू लागला. मीही वास घेऊन पाहिला होता. मला काहीच जाणवलं नव्हतं.

मुरैन्याजवळचं देवरीचं घडियाल केंद्र ग्वाल्हेरहून तासाभराच्या वाटेवर आहे, आग्र्याच्या हमरस्त्याला लागून. मी ग्वाल्हेरात जन्मले, तिथल्या लष्कर भागात वाढले, आणि इतकी वर्षं या फाटकावरून नुसती पुढे जात राहिले. शेवटी आत गेले ती वर्तमानपत्रातल्या एका जुन्या छायाचित्रासाठी. 2008 च्या सुरुवातीचं ते छायाचित्र: चंबळच्या वाळूत उताणी पडलेली सुसर, फिकट पोट आभाळाकडे, भोवती गावकरी उभे. ते कात्रण मी जपून ठेवलं होतं.

मराठीत आपण तिला सुसर म्हणतो, इकडे घडियाल. वयात आलेल्या नराच्या नाकाड्यावर घड्यासारखा उंचवटा येतो, त्यावरून हे नाव. चिंचोळा, लांब जबडा आणि त्यात शंभराहून जास्त दात. पण ते चावण्यासाठी नाहीत. आडवा झटका देऊन मासा पकडायचा आणि सबंध गिळायचा, एवढंच त्यांचं काम. मोठी सुसर माशांवर जगते. म्हणजे पाण्यात जे असेल ते माशात उतरतं, आणि माशातलं सगळं तिच्यात.

मार्च-एप्रिलमध्ये मादी काठच्या वाळूत खड्डा करून तीस-चाळीस अंडी घालते. त्यातली काही, दरवर्षी दोनशेच्या आसपास, देवरीला आणली जातात. केंद्रातले चाचा हे काम कित्येक वर्षं करताहेत. खड्ड्यातून अंडं काढण्याआधी ते त्याच्या वरच्या बाजूला खूण करतात. ते अंडं पेटीतल्या वाळूत त्याच बाजूने ठेवायचं, वाटेत फिरू द्यायचं नाही. आतला जीव कवचाच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं उलटलं की तो गेला. इथे पुन्हा वाळूत पुरणं, ऊब सांभाळणं, दिवस मोजणं. नर होणार की मादी, हेही त्या उबेवरच ठरतं.

"नदीत सोडून दिली तर किती जगतात?" मी विचारलं.

"शंभरात दोन, दीदी."

त्यांनी दोन बोटं वर केली. बाकीची अंडी कोल्हे-घोरपडी उकरतात, पिल्लं पक्षी उचलतात, उरलेली पावसाळ्याचा पहिला लोंढा वाहून नेतो. शंभरात दोन. म्हणूनच अंडी इथे आणायची, पिल्लू साधारण सव्वा मीटरचं होईपर्यंत वाढवायचं आणि मग नदीत सोडायचं. तोवर तीनेक वर्षं जातात.

जूनमध्ये पिल्लं अंड्यातूनच हाक देतात. चाचा वाळूवर कान टेकवतात. नदीकाठी ही हाक ऐकून आई वाळू उकरते, इथे चाचांचे हात उकरतात. बाहेर आलेलं पिल्लू हातभरही नसतं. त्या हातांविषयी मला जे वाटलं ते लिहायला 'आदर' हा शब्द थोडा कोरडा आहे.

मग हौदाचं रोजचं काम: जिवंत मासे सोडणं, उरलेले काढणं, तळ घासणं, पाणी बदलणं. मेलेला मासा हौदात राहिला तर तो कुजतो, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो, अमोनिया वाढतो, आणि पिल्लं अन्नाला तोंड लावत नाहीत. चाचांकडे पाणी तपासायचं यंत्र नव्हतं. नाक होतं.

1970 च्या दशकात साऱ्या देशात मिळून दोनशेसुद्धा सुसरी उरल्या नव्हत्या. 1975 मध्ये मगर संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला, पुढे चंबळ अभयारण्य झालं, आणि गेल्या काही वर्षांच्या गणनेत एकट्या चंबळेत त्यांचा आकडा दोन हजारांच्या पुढे गेला. यात देवरीसारख्या केंद्रांचा वाटा आहे. पण या वाटेवर मध्येच एक हिवाळा आला होता.

डिसेंबर 2007 ते मार्च 2008. इटावा जिल्ह्यात, चंबळ यमुनेला मिळते त्याच्या अलीकडच्या पट्ट्यात, शंभराहून अधिक सुसरी मेल्या. त्या पिल्लं नव्हत्या. त्या शंभरातल्या दोन होत्या, सगळ्यातून तरून मोठ्या झालेल्या. बरेलीच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेसह अनेकांनी शवं तपासली. मूत्रपिंडं निकामी झालेली, अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर. माणसाला होतो तो गाऊटच, पण प्राणघातक. कसल्यातरी विषाने मूत्रपिंडं गेली असावीत आणि थंडीने घात पुरा केला असावा, असा तज्ज्ञांचा कयास होता. संशय गेला यमुनेकडे.

चंबळेसारख्या स्वच्छ समजल्या जाणाऱ्या नदीत हे का व्हावं? कोकणात याचं उत्तर खाडीकाठचा कोणीही देईल. खाडीत दोन पाण्यांची गाठ पडते, आणि मासा दोन्हीकडे जातो-येतो. वरच्या अंगाला कारखान्याने काही सोडलं की खालच्या तिवरांत ते कळतं. आमच्याकडे समुद्र नाही, पण संगम आहे. भरेहजवळ चंबळेचं पाणी यमुनेत जातं, आणि यमुनेतले मासे चंबळेत चढतात. सुसरीही खाली उतरतात. अभयारण्याची हद्द नकाशावर आहे, माशाला ती ठाऊक नाही.

आणि यमुना काय घेऊन येते? दिल्लीत वझिराबादपासून ओखल्यापर्यंतचा तिचा पट्टा अवघा 22 किलोमीटरचा. 1376 किलोमीटरच्या नदीचे ते दोन टक्केही भरत नाहीत. नदीच्या प्रदूषणाचा मोठा भाग मात्र याच पट्ट्यातला. चाचांची दोन बोटं मला इथेही आठवतात. शंभरात दोन जीव वाचतात, आणि शंभरात दोन किलोमीटर इतकं बिघडवू शकतात.

दिल्लीला बोल लावताना मला माझं घर आठवतं. लष्करातून स्वर्णरेखा वाहते. राणी लक्ष्मीबाईंची समाधी तिच्यापासून जवळच, फुलबागेत. लहानपणी पुलावरून जाताना आम्ही नाकाला रुमाल लावायचो आणि तिला नाला म्हणायचो. नदी म्हणायला कुणी शिकवलंच नाही. पुढे तिचा तळ काँक्रीटचा झाला. काँक्रीटवर ना लव्हाळं उगवतं, ना शेवाळात किडे धरतात, ना त्या किड्यांवर मासा येतो. पाण्याला जिवंत ठेवणारी सगळी साखळी तळातल्या मातीतून सुरू होते.

म्हणून देवरीचं काम मला मोठं वाटतं आणि अपुरंही. हौदाचं पाणी बिघडलं तर चाचा बोळा काढतात. संगमाला बोळा नाही. तीन वर्षं जपलेलं पिल्लू शेवटी नदीच्याच स्वाधीन करायचं असतं. सोडण्याआधी त्याच्या शेपटीवरचे ठरावीक खवले कापून खूण करतात, पुढे कुठे सापडलं तर ओळखता यावं म्हणून.

निघताना मी चाचांना ते कात्रण दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, माणसांकडे नाही, शेपटीकडे. छायाचित्रात शेपटी वाळूत अर्धी पुरलेली होती. "दिसत नाही," म्हणाले, आणि कागद घडी करून माझ्या हातात परत दिला.

ते विष नेमकं कोणतं होतं, हे आजवर निर्विवाद सिद्ध झालेलं नाही. यमुनेतले मासे आजही चंबळेत चढतात.