विद्यार्थ्यांचे सुख : काल आणि क्रियापद

विद्यार्थिदशेतील सुखदुःखांचा विचार आपल्याकडे बहुधा उपदेशाच्या अंगाने होतो. मानसशास्त्रज्ञांनी मात्र त्यांचे मापन करून पाहिले आहे; आणि हे मापन विचारलेल्या प्रश्नांवर अवलंबून असल्यामुळे भाषाभ्यासकालाही त्यात लक्ष घालणे प्राप्त आहे.

सूह, डीनर व फुजिता यांनी ११५ तरुणांचा दोन वर्षे मागोवा घेऊन १९९६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बऱ्यावाईट घटनांचा ठसा सुखावर उमटतो खरा. परंतु तीन महिन्यांपलीकडच्या घटनांचा प्रभाव फारसा उरत नाही, असे त्यांना आढळले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, आवडते वसतिगृह मिळाल्यास आपण किती सुखी होऊ आणि नावडते मिळाल्यास किती दुःखी, यांविषयीचे विद्यार्थ्यांचे दोन्ही अंदाज अतिरेकी ठरले. इमारत व जागा यांचाच विचार त्यांनी अधिक केला होता, सोबत्यांचा कमी.

आता प्रश्नाकडे वळू. १९८८ साली स्ट्राक, मार्टिन व श्वार्त्स यांनी विद्यार्थ्यांना आयुष्यातील एकंदर सुखाविषयी आणि प्रणयभेटी किती वेळा होतात याविषयी विचारले. सुखाचा प्रश्न आधी असता दोन उत्तरांतील सहसंबंध नगण्य होता. क्रम उलटताच तो ०.६६ पर्यंत चढला. पुढील संशोधकांना हा परिणाम सर्वत्र इतका तीव्र आढळला नाही, तरी उत्तर हे संभाषणाच्या ओघात घडते, हा मुद्दा शिल्लक राहतोच.

मराठीत अडचण याहून खोल आहे. निकाल लागला की आपल्याला आनंद ‘होतो’. ‘मला आनंद झाला’ या वाक्यात घटना पुरी होते, आणि अनुभवणारा चतुर्थीत असतो. ‘मी सुखी आहे’ यात तोच प्रथमेत येतो आणि क्रियापद स्थिती सांगते. समाधान ‘वाटते’ किंवा ‘मिळते’. त्यात पदरी पडलेल्याचा हिशेब आहे. ‘मी आनंदी आहे’ हा अलीकडे रुळलेला प्रयोग माझ्या मते इंग्रजी वळणाचा. ‘आनंदी मुलगी’ म्हणताना आपण तिचा स्वभाव सांगत असतो, आजची मनःस्थिती नव्हे. तेव्हा जूनमध्ये ‘तू सुखी आहेस का?’ आणि मार्चमध्ये ‘तुला आनंद वाटतो का?’ असे विचारल्यास फरक विद्यार्थ्यात पडला की क्रियापदात, हे ठरविणे अशक्य होईल.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. खेड्यातून शहरातील वसतिगृहात प्रथमच आलेल्या मुलाचे पहिले तीन महिने कदाचित अत्यंत कष्टाचे जातील. वर्षअखेरीच्या प्रश्नावलीत त्यांचा मागमूसही उरणार नाही. आणि वर्गाची सरासरी स्थिर दिसली म्हणून त्यातील प्रत्येक जण स्थिर होता, असेही होत नाही. त्यात भर अशी की, अधिकारपदावरील व्यक्तीने ‘कसे काय चालले आहे?’ असे विचारताच ‘बरे चालले आहे’ हे शिष्टाचाराचे उत्तर आपसूक येते. ते माहिती म्हणून नोंदविणे धोक्याचे आहे.

आपल्या विद्यापीठांत असा अभ्यास करावयाचा झाल्यास तोच प्रश्न, त्याच क्रियापदासह आणि त्याच क्रमाने, तीन महिन्यांहून कमी अंतराने विचारावा लागेल. ‘आनंद होणे’, ‘सुखी असणे’ आणि ‘समाधान वाटणे’ यांचे रकाने वेगळे ठेवावे लागतील. आणि प्रश्न विचारणारा परीक्षक नसावा.