घरचा कायदा (लेखांक ७) : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

“सोसायटीत नॉमिनी मी आहे, म्हणजे फ्लॅट माझा.” वडिलांचे दिवसकार्य उरकले की कितीतरी घरांत हे वाक्य ऐकू येते. बोलणारा भाऊ बहुधा लबाडी करत नसतो. त्याला मनापासून तसेच वाटत असते. वाईट याचे वाटते, की समोर बसलेल्या बहिणीलाही ते खरे वाटते आणि ती गप्प राहते. आजचा लेख त्या बहिणीसाठी आहे.

सोसायटीला मेंटेनन्सचे बिल कोणाच्या तरी नावे काढावे लागते, बँकेला ठेव कोणाच्या तरी हाती देऊन मोकळे व्हावे लागते. वारस कोण, कुणाचा हिस्सा किती, हे ठरवणे सेक्रेटरीचे काम नाही आणि बँक मॅनेजरचेही नाही. म्हणून माणूस हयातीत एक नाव लिहून देतो. त्या नावाच्या माणसाने मालमत्ता सांभाळायची आणि ज्याची त्याला पोचवायची, एवढाच नॉमिनेशनचा अर्थ.

सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितले. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात नवरा मृत्युपत्र न करता वारला होता आणि विम्याच्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून बायकोचे नाव होते. मागे त्याची आई आणि मुलगाही होते. न्यायालयाने पैशाचे तीन सारखे वाटे केले. (विम्याचा कायदा २०१५ मध्ये बदलला, त्यावर स्वतंत्र लेख लिहीन.) शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दलचा वाद पुढे बरीच वर्षे चालला. डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय कायम करून सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला: नॉमिनेशनने वारसाहक्क बदलत नाही.

सरबती देवी खटल्यातली आई लक्षात ठेवा. मुलगा गेला की त्याच्या मालमत्तेत बायको-मुलांच्या बरोबरीने आईचाही हिस्सा असतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने तो १९५६ पासून दिला आहे, पण वारसांची नावे लिहिताना म्हातारीचे नाव राहूनच जाते. मुलींचेही तसेच. “आमच्या ताईचे लग्न २००५ च्या आधी झाले, तिला हक्क नाही,” असे ऐकले की जीव कळवळतो. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेविषयी होती. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या फ्लॅटमध्ये, मृत्युपत्र नसेल तर, मुलगी १९५६ पासूनच मुलाइतकी वारस आहे. तिचे लग्न कधी झाले, याचा इथे काहीएक संबंध नाही.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले. त्यातल्या कलम १५४ब-१३ नुसार सोसायटी नॉमिनीला घेते ती तात्पुरता सभासद म्हणून, खऱ्या वारसांची नावे लागेपर्यंत.

अर्थात वडिलांनी मृत्युपत्रात फ्लॅट एकाच मुलाला दिला असेल, तर गोष्ट वेगळी. स्वतःच्या कमाईचे त्यांनी कुणालाही द्यावे. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही; दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. तेव्हा आधी मृत्युपत्र आहे का, ते विचारा.

नसेल, तर आपण वारस असल्याचे पत्र सोसायटीला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. “नाव लावायला फक्त एक सही हवी,” म्हणून कागद पुढे आला, तर त्याचा मथळा वाचा. तिथे ‘हक्कसोड पत्र’ असे लिहिले असेल, तर त्या सहीने तुमचा हिस्सा जाणार आहे, आणि एकदा नोंदणी झाली की ते रद्द करून घ्यायला दिवाणी न्यायालयात जावे लागते. भावाला हिस्सा द्यायचाच असेल, तर आनंदाने द्या. पण तो कागद आधी घरी आणा, दोन दिवस स्वतःजवळ ठेवा आणि तुमच्या ओळखीच्या वकिलाकडून वाचून घ्या.